चिरून ठेवा, ठेचून थांबा: जनुकांपर्यंत पोचणारा स्वयंपाक

पुण्याहून मुलगा दिवाळीला आला तो स्वतःच्या थुंकीचा रिपोर्ट घेऊन. नळीत थुंकायचं, कुरिअरनं पाठवायचं, मग कंपनी तुमची जनुकं वाचून तुम्ही काय खायचं ते कळवते. चौसष्ट पानं, गुळगुळीत, रंगीत. बाविसाव्या पानावर लिहिलं होतं: केल, ब्रोकोली आणि साल्मन मासा, आठवड्यातून तीनदा. सोलापुरात! लक्ष्मी मंडईत जाऊन मी साल्मन मागितला तर मावशी आधी मला सावलीत बसवून पाणी पाजतील, ऊन लागलंय म्हणून.

अठ्ठावीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. मुलाला म्हटलं, पैसे गेले ते गेले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली ६०९ माणसांवर वर्षभराचा प्रयोग छापला होता. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी पिष्टाचा. ज्याच्या जनुकांना जो आहार ‘जुळतो’ असं म्हणत होते, तो मिळालेल्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही. मुलगा म्हणाला, “मग अन्नाचा आणि जनुकांचा संबंध नाही म्हणायचा का?” आहे की! फक्त तो त्या चौसष्ट पानांत नाही, ओट्यावर आहे. सुनेनं वही उघडली आणि चार दिवस आम्ही दोघींनी काय काय केलं ते टिपून घेतलं. हे त्या वहीतलं.

आधी जनुकं म्हणजे काय करतात ते. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर होते, त्यामुळं मला ते तसंच दिसतं. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. भोक असेल तिथं सुई आत शिरते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच. त्यातूनच चादरीवर मोर उमटतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत कार्डांची तीच एक माळ आहे. प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं. यकृतातही तीच, डोळ्यातही तीच. तरी यकृत पाहत नाही आणि डोळा पित्त करत नाही, कारण कुठल्या पेशीत कुठलं कार्ड वाचायचं हे वेगवेगळं ठरतं. या वाचण्याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

अन्न कार्ड बदलत नाही, वाचन बदलतं, आणि तेही मुख्यतः तीन प्रकारांनी. एक, भोकावर कागदाची चिकटपट्टी लावून. तिला मिथाइल गट म्हणतात. दोन, माळ घट्ट गुंडाळून किंवा सैल सोडून. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा करून हे होतं. तीन, मागावरच्या माणसाला हाक मारून. म्हणजे पेशीत गप्प बसलेलं एखादं प्रथिन जागं करून, ते केंद्रकात जाऊन ठरावीक कार्डं चालू करतं.

आता ओट्याशी येऊ. वहीच्या पहिल्या पानावर सुनेनं एकच ओळ लिहिली आहे: “भाजीत ते नसतंच.” शब्द माझे, पण ऐकून तिला धक्का बसला होता. ज्या द्रव्यांचा एवढा गवगवा होतो, त्यातली बरीचशी अख्ख्या भाजीत तयार नसतातच. चिरल्यावर, ठेचल्यावर, चावल्यावर तयार होतात, नाहीतर थेट आतड्यातले जिवाणू तयार करतात. म्हणून काय आणलं यापेक्षा हातानं त्याचं काय केलं, हा प्रश्न मोठा.

मोहरीपासून सुरुवात करा. माझ्या सासूबाई मंगळवेढ्याच्या. लोणच्याला, रायत्याला मोहरी फेसायला बसायच्या. खलात मोहरी, चिमूटभर मीठ, चमचाभर पाणी, आणि बत्ता गोल गोल. मी विचारायची, झाली का? त्या म्हणायच्या, “नाकात गेली का? नाही ना? मग नाही झाली.” कोरडी अख्खी मोहरी नाकाला लावून बघा, काही वास येत नाही. दाण्यात दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात: एक गंधकयुक्त द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. दाणा फुटला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. तो झणका म्हणजेच आपल्याला हवं असलेलं द्रव्य. कोबी, फुलकोबी, मुळा, ब्रोकोली या सगळ्या एकाच घराण्यातल्या, आणि सगळ्यांत हीच युक्ती.

ब्रोकोलीत अशा रीतीनं सल्फोराफेन तयार होतं. त्याचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं, आणि कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. सल्फोराफेन कीप-१ ला चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि विषारी पदार्थ निकामी करणाऱ्या एन्झाइमांची कार्डं वाचायला लावतं. चीनमधल्या छितोंग भागात २९१ माणसांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय रोज दिलं, तर बेंझीन निकामी करून शरीर लघवीतून जे बाहेर टाकतं त्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी वाढलं. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. बेंझीन म्हणजे गाड्यांच्या धुरातला विषारी घटक. विजापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आपल्या कोबीत सल्फोराफेन ब्रोकोलीपेक्षा बरंच कमी, हे सांगून टाकते. पण त्याची भावंडं आहेत, आणि कोबी रोज परवडतो. मी वर्षानुवर्षं चूक काय केली, तर इकडं कोबी चिरला की तिकडं गरम फोडणीत. एन्झाइमला काम करायला वेळच मिळाला नाही. उष्णतेनं ते मरतं. आता करायचं ते असं. कोबी बारीक चिरा आणि परातीत तसाच चाळीस मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात कणीक मळून होते, भाकरीची तयारी होते. द्रव्य एकदा तयार झालं की थोड्या आचेला ते एन्झाइमपेक्षा बरं तगतं. मग फोडणीत चार-पाच मिनिटं, दाताखाली कुरकुरीत राहील इतपतच.

घाई असेल, किंवा कोबी कुकरमध्ये गेलाच असेल, तर दुसरा उपाय: अर्धा चमचा मोहरी फेसून भाजी कोमट झाल्यावर वरून कालवा. शिजलेल्या ब्रोकोलीवर कच्च्या मोहरीची पूड घातली की सल्फोराफेन पुन्हा तयार होतं, हे प्रयोगांत दिसलंय. फोडणीत तडतडलेली मोहरी मात्र या कामाची नाही, ती चवीसाठी. मुळ्याची कोशिंबीर केली तर मुळा किसून दहा मिनिटं ठेवा आणि लिंबू शेवटी पिळा. आंबट आधी पडलं की झणका नीट तयार होत नाही.

लसणाचं गणित तेच, वेळ कमी. ठेचल्यावर ॲलिनेज नावाचं एन्झाइम ॲलिसिन तयार करतं. उंदरांवरच्या एका प्रयोगात अख्खा लसूण मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट तापवला तर त्याचा संरक्षक गुण गेला. आधी ठेचून दहा मिनिटं थांबले तर बराचसा टिकला. म्हणून आमटी करताना लसूण ठेचायचा आणि मगच तूरडाळ धुवायला घ्यायची. क्रम बदला, कष्ट वाढत नाहीत. लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये गुंडाळलेली माळ सैल होते, हे दिसलंय. बशीतलं लगेच ताटात आणू नये, पण दहा मिनिटं थांबायला पैसे पडत नाहीत.

आणि शेंगा चटणी. इथं जरा रेंगाळते, सोलापूरकर आहे.

आधी शेंगदाणे निवडायचे, आणि हे काम चष्मा लावून करा. सुरकुतलेला, काळपट, बुरशीची छटा असलेला, चावल्यावर कडू लागणारा दाणा फेकायचा. “भाजला की जातं सगळं” असं कुणी म्हणेल, ऐकू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजून पुरतं जात नाही. ते यकृतात जाऊन टीपी-५३ नावाच्या जनुकात, ठरावीक २४९ व्या कोडॉनवर (डीएनएच्या तीन अक्षरी शब्दाला कोडॉन म्हणतात), अक्षरच बदलू शकतं. म्हणजे इथं चिकटपट्टी नाही, कार्डालाच चुकीचं भोक. टीपी-५३ हे कर्करोगाला आवर घालणारं जनुक आहे, तेव्हा एक कडू दाणा टाकायला मागंपुढं पाहू नका. आमच्याकडं दोन वाट्यांत चार-पाच तरी निघतात.

दाणे मंद आचेवर लोखंडी कढईत भाजा, सालं चोळून पाखडा आणि पूर्ण गार होऊ द्या. तोवर खलात दहा-बारा लसूणपाकळ्या मिठाबरोबर ठेचून ठेवायच्या. मग जिरं, लाल तिखट, शेवटी दाणे थोडे थोडे. तेल सुटून चटणी बत्त्याला चिकटायला लागली, मुठीत दाबली तर गोळा होतो, की थांबा. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवली की तापते आणि लगदा होतो. सुनेनं पहिल्यांदा तोच केला. पोळीला लावून खाल्ला आम्ही, पण चटणी म्हणवेना.

हळदीबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि मला तीच सगळ्यात कमी आवडते सांगायला. हळदीतलं कर्क्युमिन दाह वाढवणारी कार्डं बंद ठेवतं, हे पेशींवरच्या प्रयोगांत खरं आहे. पण ते आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन वीस मिलिग्रॅम दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा तुम्ही ऐकलाच असेल. आता वजनकाटा काढा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दोन ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. एवढी हळद नवरदेवाला लावायला लागते, दुधात घालायला नाही. म्हणून हळद घाला, तेलात परता, वर मिरपूड टाका, चव छान येते. पण हळदीच्या दुधानं जनुकं पालटतील ही आशा ठेवू नका. आणि मिरं घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. पायपरिन औषधांचं शोषण आणि विघटनही बदलतं, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत.

त्यापेक्षा ज्वारीवर विश्वास ठेवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मालदांडीची भाकरी खाल्लेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही. भाकरीतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या पेशींचं हे मुख्य इंधन, आणि शिवाय माळ घट्ट गुंडाळणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. माळ सैल राहते, कार्डं वाचली जातात. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे इथं ठेचणारे हात जिवाणूंचे. आपण फक्त त्यांना पुरवठा करायचा.

पुरवठा कसा? भाकरी गार होऊ द्या. शिजलेलं पिष्ट गार झालं की त्यातलं काही पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि न पचता पुढं जातं. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणारे आमचे आजोबा याला न्याहारी म्हणायचे. कडक भाकरी करून ठेवा, आमटीत चुरा. सोबत मूग, हुलगा, हरभरा, काहीतरी रोज. सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात पोट गुबगुबेल. थोडं थोडं वाढवा. मधुमेह असेल तर भाकऱ्या मोजून खा. ज्वारी झाली तरी तिचं पिष्टच आहे, साखर वाढतेच.

डाळिंब लवकर उरकते. इथं केगावला देशाचं डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि भगवा डाळिंब गाड्यावर मिळतो, तेव्हा खा. त्यातल्या टॅनिनांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन तयार करतात. पण ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, म्हणून एकाच डाळिंबाचा गुण दोघांना सारखा येत नाही. जवस भाजून कुटून खा. अख्खं जवस जसं जातं तसंच बाहेर येतं.

आता चिकटपट्टी. वहीतली सगळ्यात जास्त पानं हिचीच, कारण सुनेचा विचार यंदा बाळाचा आहे.

भोकावर लावायच्या पट्ट्या शरीर तयार करतं ते फोलेट, बी-१२, कोलीन अशा घटकांच्या मदतीनं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात २००३ साली गाभण उंदरिणींना हे घटक जास्त दिले, तर पिवळ्या, लठ्ठ जातीच्या उंदरांना बरीच पिल्लं तपकिरी झाली. जनुक तेच, त्यावर पट्ट्या जास्त. माणसांत असा प्रयोग करता येत नाही, तो इतिहासानं केला: १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात जी मुलं नुकतीच गर्भात होती, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही पट्ट्या कमी सापडल्या.

हे वाचताना मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेल्या बाया, शाळेत मिळणारी सुकडी, रेशनवरचा लालसर मिलो. माझा धाकटा भाऊ त्र्याहत्तरच्या जूनमधला. अंगानं काडी, आणि अडतिसाव्या वर्षी मधुमेह. एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगितलं. तरी त्याच्या पोटाकडं बघितलं की माझं मन तिकडं जातंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि मुलं यांचा पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतः हडकुळी पण चरबी तुलनेनं जास्त असलेली, हे त्यांनी दाखवलं. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अधिक वजनाची. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: आईचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, अशी जोडी असेल तर मूल सहा वर्षांचं होईतो त्याच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे नुसती मेथी आणि फोलिक ॲसिड पुरत नाही.

म्हणून शाकाहारी घरात आधी रक्त तपासा. सुनेचं बी-१२ साध्या लॅबमध्ये तपासलं, चांगलंच कमी निघालं. नवऱ्याच्या चौसष्ट पानांच्या किमतीत असल्या कितीतरी तपासण्या झाल्या असत्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. दूध, दही रोज चालू केलं. बी-१२ कुठल्याही पालेभाजीत नसतं. फोलिक ॲसिडची गोळीही त्यांच्या सांगण्यावरून आधीच सुरू केली, दिवस राहिल्यावर नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं.

ओट्यावर काय? पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्या पाण्यातच जातं. आधी धुवा, मग चिरा, थोड्या पाण्यात झाकून शिजवा आणि ते पाणी भाजीतच जिरू द्या. मुगाला, मटकीला मोड आणा, फोलेट वाढतं.

साखरेचं एका परिच्छेदात. साखर नुसती उष्मांक देत नाही, तीही कार्डं वाचायला लावते. यकृतात जास्त साखर पोचली की चरबी तयार करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू होतात. चहात गूळ घालून समाधान मानणाऱ्या आमच्या ह्यांना मी सांगितलं, यकृताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. ते म्हणाले, जिभेला कळतो. चहा अर्धा कप झाला, एवढीच तडजोड.

आणि कुठलंही द्रव्य बाटलीतून भरभरून घेण्याआधी फिनलंडची गोष्ट आठवा. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन गोळ्यांतून धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना दिलं, एकोणतीस हजारांवर माणसं होती. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. हे १९९४ चं. गाजर खा, तेलातुपाचा हात लावून.

भाऊबीज झाली, दोघं पुण्याला गेली. बरोबर चटणीचा डबा, मालदांडीचं पीठ आणि वही. परवा सुनेचा फोन.

“आई, मोहरी फेसली, पण नाकात गेलीच नाही ओ.”

“किती फेसलीस?”

“हात दुखेपर्यंत.”

“पाणी कसलं घातलंस?”

“गरम. लवकर होईल म्हणून.”

“थंड घाल,” म्हटलं. “आणि ती टाकू नकोस, फोडणीला वापर.”